चार म्हणजे नाक

उद्यमबागेतून सुटायला साडेसात झाले.
अनगोळच्या बेकरीत शेवटची लादी उरलेली,
कडेचे दोन पाव करपलेले.
"ते दोन काढून देऊ काय?" पोरगा म्हणाला.
मी म्हटलं, असू देत,
करपलेलं खाणारं पण कोणतरी लागतंय की घरात.

दारातच रेणू. "बाबा, भूक लागल्या."
आई रात्रपाळीला गेलेली.
डब्यात सकाळचा भात,
त्याच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

खिडकीशेजारच्या खिळ्यावर चोरीसची माळ,
काळपट लाल, सुतळीने आवळलेले नऊ मणी.
सांतान बार्देस्करने दिलेली.
चोर्ला घाटातून बसमध्ये मांडीवर धरून आणली त्याने,
पेपरच्या तीन थरांतून तेल पाझरलं,
आणि पँटवरचा तो डाग घेऊनच
शेवटच्या दिवशी कामावर आला.
आता कोईमतूरला असतो, तिथल्या लेथवर.
फोन केला की पहिलं विचारतो, "माळ संपली काय?"
म्हणून आम्ही जपून खातो.
संपल्यावर तो काय विचारेल, ठाऊक नाही.

कृतीपण त्याचीच, मशीनच्या आवाजावर ओरडून शिकवलेली:
"तेल घालू नको! त्याचं त्याला असतंय!"
पाच मणी कापले. कातडं सोललं,
गार कढईतच मांस मोकळं केलं,
वर घोटभर पाणी, खाली बारीक आच.
घाई केली तर जॉब जळतोय, हेपण जळतंय.
पाणी आटतं, मग चरबी बोलायला लागते.
कांदा, दोन बटाटे.
मीठ, मिरची, लसूण, आंबटपणा
सगळं कुणीतरी आधीच घालून ठेवलेलं,
आपण नुसतं ढवळायचं.

तेवढ्यात वही घेऊन चन्नू आला,
वरच्या मजल्यावरच्या नीलव्वाचा, भागाकारात अडलेला.
गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा नाही.
उंबऱ्याबाहेरच थांबला. "अंकल, एन वास्नी!"
चांगला की वाईट, ते काही बोलला नाही.
खिळ्याकडे बोट करून मोजायला लागला,
"ओंद, यरड, मूर, नाक."
रेणूने लगेच आपलं नाक धरलं.
रोजचाच विनोद, दोघंही रोज तेवढेच हसतात.
बाराला नाकाने भागलं तर मूर.
गणित सुटलं.

त्याच्यासाठी दुसरा तवा काढला,
नीलव्वानेच आमच्याकडे ठेवलेला,
मुठीला पिवळा दोरा बांधून.
त्यात कांदा-बटाटा, वरून तिच्याच घरची शेंगाचटणी.
"चमचा वेगळा काय?"
"वेगळा."
मग तो आत येऊन बसला.
दोन बर्नर, शेजारी शेजारी तडतडणारे.
इकडचा थेंब तिकडे उडू नये म्हणून
मधे ताट उभं धरून राहिलो,
डाव्या हाताने, मनगट भाजेपर्यंत.

करपलेले पाव मी घेतले.
लाल तेल त्यांच्यातही तसंच मुरलं,
कोपरापर्यंत ओघळलं.
तीन साबण बदलले तरी न जाणारा
बोटांचा कूलंटचा वास
आज जेवणापुरता हटला.
चन्नूने शेवटचा घास चघळत
माझ्या पावाकडे बघितलं, मग वहीकडे.
कुणी काही विचारलं नाही.

सकाळी सव्वासातला ती आली,
अंगाला हॉस्पिटलचा वास.
दारातच थांबून हुंगलं.
"मला किती ठेवल्यात?"
पांघरुणातून रेणू बोलली, "नाक."
ती चप्पल न काढताच खिळ्याखाली गेली,
बोटाने मोजलं,
आणि कात्री सापडेना म्हणून
दातांनीच एक गाठ सोडवू लागली.

तीन राहिले.
सांतानला सांगायचं नाही.